माहिती तंत्रज्ञानाचे क्षमता व्यवस्थापन : मूल्यमापन आणि सुधारणा

हावडा-नागपूर-मुंबई या लोहमार्गावर रायपूर आणि दुर्ग या दोन शहरांच्या दरम्यान चरोदा हे रेल्वेचे गाव वसले आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि या परिसरातील मालवाहतुकीचे स्वरूपच पालटले. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी कारखान्याकडे येऊ लागली. रूळ आणि पोलाद देशभर जाऊ लागले. या वाहतुकीच्या व्यवस्थेत चरोदा येथील भिलाई मार्शलिंग यार्डाला महत्त्वाचे स्थान मिळाले. आज हे यार्ड दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या रायपूर विभागात मोडते.

मार्शलिंग यार्डाचे सामान्यतः तीन भाग असतात. गाडी प्रथम आगमन मार्गिकेवर येते. तेथून तिच्या वाघिणी सुट्या करून गंतव्यस्थानानुसार वर्गीकरण मार्गिकांवर विभागल्या जातात आणि नव्याने जोडलेली गाडी प्रस्थान मार्गिकेवरून रवाना होते. या तिन्हींपैकी एका भागाची क्षमता अपुरी पडली, तर उरलेल्या दोन भागांत कितीही मोकळी जागा असली तरी मागून येणारी गाडी अलीकडच्या स्थानकात अडकून पडते. यार्डाची क्षमता त्याच्या एकूण मार्गिकांच्या संख्येवर ठरत नाही, सर्वांत संथ टप्प्यावर ठरते.

पूर्वी यार्डातील कर्मचारी गाडीच्या कडेने चालत जाऊन प्रत्येक वाघिणीचा क्रमांक वहीत उतरवून घेत. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे सूचना प्रणाली केंद्राने, म्हणजेच ‘क्रिस’ने, विकसित केलेली मालवाहतूक परिचालन माहिती प्रणाली देशभर विस्तारत गेल्यावर ही नोंद संगणकात होऊ लागली. मागणीची नोंदणी, रेकचे ठिकाण, भाड्याची आकारणी आणि रेल्वे पावती या बाबी एका प्रणालीत आल्या. साहजिकच यार्डाच्या कार्यक्षमतेत रुळांबरोबर सर्व्हर, संचयसाधने आणि दळणवळणाच्या वाहिन्या यांचाही वाटा निर्माण झाला. संगणकाचा प्रतिसाद लांबला, तर मालाने भरलेला रेकही कागदपत्रांच्या प्रतीक्षेत उभा राहू शकतो.

कोणत्याही आधुनिक संस्थेला लागू पडणारा हा प्रश्न आहे. बँक, विद्यापीठ, महानगरपालिका, शिधावाटप यंत्रणा किंवा परीक्षा मंडळ यांच्या सेवा आता माहिती तंत्रज्ञानावर उभ्या आहेत. या तंत्रज्ञानाची क्षमता किती असावी, ती पुरेशी आहे हे कसे ओळखावे आणि अपुरी असल्यास कोणत्या क्रमाने वाढवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना आणि तीन स्तर

संस्थेच्या आजच्या आणि उद्याच्या गरजा भागतील एवढी संगणकीय क्षमता योग्य वेळी आणि वाजवी खर्चात उपलब्ध ठेवणे म्हणजे क्षमता व्यवस्थापन. या व्याख्येतील ‘योग्य वेळी’ आणि ‘वाजवी खर्चात’ हे दोन्ही शब्दप्रयोग सारखेच महत्त्वाचे आहेत. क्षमता कमी पडली, तर सेवा कोलमडते. गरजेपेक्षा फार अधिक झाली, तर करदात्यांच्या पैशातून घेतलेली यंत्रे वर्षभर निष्क्रिय राहतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे दोन प्रकारच्या खर्चांचा समतोल साधावयाचा असतो. एक, यंत्रसामग्रीचा खर्च. दुसरा, प्रतीक्षेचा खर्च. पहिला संस्थेच्या हिशेबवहीत दिसतो. दुसरा नागरिकाच्या बुडालेल्या रोजंदारीत किंवा हुकलेल्या अर्जात दडलेला असतो आणि कोणत्याही ताळेबंदात नोंदला जात नाही. म्हणूनच सार्वजनिक संस्थांमध्ये तो दुर्लक्षित राहण्याची शक्यता अधिक असते.

ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात संकलित झालेल्या ‘आयटीआयएल’ या मार्गदर्शक संहितेच्या परंपरेत क्षमता व्यवस्थापनाचे तीन स्तर मानले जातात. पहिला स्तर संस्थेच्या कार्याचा. पुढील वर्षी किती ग्राहक, किती अर्ज, किती रेक येतील, याचा अंदाज येथे बांधला जातो. दुसरा स्तर सेवेचा. तिकीट काढणे, पावती मिळणे यांसारख्या सेवेला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे येथे पाहिले जाते. तिसरा स्तर घटकांचा. प्रक्रियक, स्मृती, संचय आणि जाळे यांच्या वापराची मोजणी येथे होते. अनेक संस्था केवळ तिसऱ्या स्तरावर थांबतात. यंत्राचा वापर ४० टक्केच आहे, असा अहवाल तंत्रज्ञ देतात आणि त्याच वेळी खिडकीसमोर रांग वाढत असते. तीन स्तरांची सांगड न घातल्याचा हा परिणाम होय.

रांगेचे गणित

यंत्र १०० टक्के वापरात असणे म्हणजे कार्यक्षमता, असा समज सर्वत्र आढळतो. रांगांच्या सिद्धांताने तो फार पूर्वी खोडून काढला आहे. डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्रावरील मागणीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या शास्त्राचा पाया घातला. ग्राहक अनियमितपणे येत असतील आणि सेवा देणारी खिडकी एकच असेल, अशी साधी स्थिती गृहीत धरू. अशा वेळी सरासरी प्रतीक्षा ही वापराचे प्रमाण भागिले शिल्लक क्षमतेचे प्रमाण या गुणोत्तराने ठरते आणि त्या गुणोत्तराला एका ग्राहकाच्या सरासरी सेवाकालाने गुणावे लागते.

सेवाकाल एक मिनिट मानला, तर वापर ५० टक्के असताना सरासरी प्रतीक्षा एक मिनिट असते. वापर ८० टक्के झाला की ती चार मिनिटे होते, ९० टक्क्यांना नऊ मिनिटे आणि ९५ टक्क्यांना तब्बल १९ मिनिटे. वापर ९० वरून ९५ टक्के होणे म्हणजे मागणीत जेमतेम साडेपाच टक्क्यांची भर. प्रतीक्षा मात्र दुपटीहून अधिक. कालपर्यंत सुरळीत चाललेली प्रणाली आज अचानक ठप्प का होते, याचे उत्तर या वक्ररेषेत आहे. प्रणाली अचानक बिघडलेली नसते. ती हळूहळू या वक्राच्या चढावर आलेली असते आणि मोजणी न केल्याने ते कोणाच्या लक्षात आलेले नसते.

दुसरे सूत्र जॉन लिटल यांचे. त्यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. प्रणालीत एका वेळी असणाऱ्यांची सरासरी संख्या ही त्यांच्या येण्याचा वेग आणि प्रत्येकाचा प्रणालीतील सरासरी काळ यांच्या गुणाकाराएवढी असते.

सरासरीचा सापळा

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल असे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका परीक्षेसाठी ३० दिवसांत तीन लाख ऑनलाइन अर्ज अपेक्षित आहेत. सरासरी काढली, तर दिवसाला १०,००० आणि मिनिटाला सुमारे सात अर्ज येतात. या आकड्यावर सर्व्हर घेतला, तर तो स्वस्तात मिळेल. परंतु ३० टक्के उमेदवार शेवटच्या दिवशी अर्ज भरतात, असे मानू. त्या दिवशी ९०,००० अर्ज येतील. त्यांपैकी १५ टक्के सर्वाधिक गर्दीच्या एका तासात आले, तर त्या तासात १३,५०० म्हणजे मिनिटाला २२५ अर्ज होतात. सरासरीच्या तुलनेत हा भार सुमारे ३२ पट आहे. प्रत्येक उमेदवाराला अर्ज पूर्ण करण्यास २० मिनिटे लागत असतील, तर लिटल यांच्या सूत्रानुसार एका वेळी सुमारे ४,५०० उमेदवार प्रणालीत असतील.

यातून दोन निष्कर्ष निघतात. क्षमतेचे नियोजन सरासरीवर करता येत नाही. ते कमाल मागणीच्या तासावर करावे लागते. आणि अर्ज सुटसुटीत करून २० मिनिटांचा काळ १० मिनिटांवर आणला, तर एकही नवे यंत्र न घेता एका वेळी प्रणालीत असणाऱ्यांची संख्या निम्मी होते.

रेल्वे आरक्षणाचा अनुभव

या तत्त्वांचा प्रत्यक्ष पडताळा घेण्यासाठी रेल्वेच्या प्रवासी आरक्षण प्रणालीसारखे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. इंटरनेटवरून तिकीट देण्याची सेवा आयआरसीटीसीने ऑगस्ट २००२ मध्ये सुरू केली. मागणी वाढत गेली आणि तत्काळ आरक्षण उघडण्याच्या क्षणी प्रणालीवर प्रचंड ताण येऊ लागला. १३ ऑगस्ट २०१४ रोजी नवी ई-तिकीट प्रणाली कार्यान्वित झाली. तिकिटांची क्षमता मिनिटाला २,००० वरून ७,२०० आणि एका वेळच्या वापरकर्त्यांची क्षमता ४०,००० वरून १,२०,००० झाली. पुढे २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे आरक्षित झाली.

केवळ यंत्रे वाढवून हा प्रवास झालेला नाही. जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांचे ११ वाजता, अशी विभागणी करण्यात आली. एकच उंच शिखर दोन लहान शिखरांत वाटले गेले. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार, तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रणालीत प्रवेश करण्याचे जे प्रयत्न होत, त्यांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न स्वयंचलित संगणक-आज्ञावलींचे होते. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद वापरकर्ता-खाती बंद करण्यात आली आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार-प्रमाणित वापरकर्त्यांपुरते मर्यादित झाले.

या अनुभवाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. मागणीतील निम्मा भार खऱ्या प्रवाशांचा नसेल, तर क्षमता दुप्पट करण्याचा खर्च दलालांच्या यंत्रांना अधिक वेगाने सेवा देण्यासाठी होईल. मूल्यमापनाचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘क्षमता किती?’ असा नसून ‘मागणी कोणाची?’ असा असतो.

आणखी एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागेल. सर्व्हरची क्षमता वाढली म्हणून गाडीतील शायिका वाढत नाहीत. पूर्वी जी रांग संगणकाच्या पडद्यावर अडत असे, ती आता प्रतीक्षायादीत सरकते. माहिती तंत्रज्ञान टंचाईचे वाटप अधिक न्याय्य करू शकते, टंचाई दूर करू शकत नाही. ती दूर करण्यासाठी गाड्या, मार्गिका आणि डबे यांवरच गुंतवणूक करावी लागते.

मूल्यमापनाची पद्धत

एखाद्या संस्थेतील क्षमता व्यवस्थापन कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरवण्यासाठी परिपक्वतेच्या पाच पायऱ्यांचा आधार घेता येतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने सॉफ्टवेअर निर्मितीसाठी विकसित केलेली ही चौकट इतर क्षेत्रांतही वापरली जाते. पहिल्या पायरीवर संस्था तक्रार आल्यावरच जागी होते. दुसऱ्या पायरीवर काही यंत्रांच्या वापराची नोंद ठेवली जाते. पण ती व्यक्तीवर अवलंबून असते आणि त्या व्यक्तीची बदली झाली की खंडित होते. तिसऱ्या पायरीवर लेखी कार्यपद्धती, जबाबदार अधिकारी आणि वार्षिक क्षमता आराखडा असतो. चौथ्या पायरीवर कामाच्या अंदाजाची यंत्रांच्या वापराशी संख्यात्मक सांगड घातली जाते. पाचव्या पायरीवर अंदाज आणि वास्तव यांतील तफावत तपासून पद्धतीतच सातत्याने सुधारणा होते.

पायरी ठरवताना अधिकाऱ्यांच्या मतांवर विसंबू नये, पुरावा मागावा. त्यासाठी पुढील सहा प्रश्न उपयुक्त ठरतात.

१. गेल्या वर्षातील सर्वाधिक गर्दीचा तास कोणता होता आणि त्या वेळी सेवेला किती वेळ लागला, याची नोंद आहे काय?

२. प्रत्येक सेवेसाठी कमाल प्रतिसादकाल लेखी ठरलेला आहे काय?

३. प्रणालीतील सर्वांत संथ दुवा कोणता, हे चाचणीने सिद्ध झाले आहे काय?

४. नवी योजना जाहीर करण्यापूर्वी तांत्रिक विभागाला विचारले जाते काय?

५. वापर ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास इशारा कोणाला मिळतो आणि निर्णय कोण घेतो?

६. मागील आराखड्यातील अंदाज कितपत खरा ठरला, हे तपासले गेले काय?

यांपैकी चौथा प्रश्न प्रशासनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. योजनेची शेवटची तारीख एक विभाग ठरवतो, तिचा भार दुसरा विभाग वाहतो आणि दोघांत संवाद नसतो. अशा वेळी दोष यंत्राच्या माथी मारला जातो. वास्तविक तो समन्वयाच्या अभावाचा असतो.

सुधारणेचा क्रम

मूल्यमापनात त्रुटी आढळताच नवी खरेदी करण्याकडे संस्थांचा कल असतो. निविदा काढणे हे दृश्य काम आहे. सवयी बदलणे अदृश्य. तथापि सुधारणेचा आर्थिकदृष्ट्या योग्य क्रम चार टप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा अनावश्यक काम काढून टाकण्याचा. रेल्वेच्याच इतिहासात याचे उत्तम उदाहरण आहे. १९८०च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी संपूर्ण रेक उगमापासून गंतव्यापर्यंत थेट नेण्यावर भर दिला. वाटेतल्या यार्डांत गाड्या तोडण्या-जोडण्याचे काम त्यामुळे कमी झाले. नव्या मार्गिका न टाकता वाघिणींचा खोळंबा घटवण्याचा हा मार्ग होता. या सुधारणेची किंमतही होती. थोडा माल पाठवणारा लहान व्यापारी हळूहळू रेल्वेपासून दुरावला आणि रस्त्याकडे वळला. क्षमतेचा प्रत्येक निर्णय कोणाला तरी अग्रक्रम देतो आणि कोणाला तरी मागे ठेवतो, हे धोरणकर्त्यांनी विसरता कामा नये.

दुसरा टप्पा मागणी नियंत्रित करण्याचा. एकीकृत देयक प्रणाली म्हणजे यूपीआयचे मासिक व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींच्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींच्या पुढे गेले. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये या सेवेत व्यत्यय आल्यानंतर भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑगस्ट २०२५ पासून काही मर्यादा लागू केल्या. एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासता येईल, स्वयंचलित देयके गर्दीच्या तासांबाहेर पार पाडावीत आणि व्यवहाराची स्थिती वारंवार विचारण्यावर बंधन असावे, असे या मर्यादांचे स्वरूप आहे. पैसे पाठवण्याचे मुख्य काम अडू नये म्हणून दुय्यम चौकशांना आवर घालण्यात आला.

तिसरा टप्पा आहे ती यंत्रणा सुरळीत करण्याचा. संथ दुवा विदासंचयात असताना बाहेरचे सर्व्हर वाढवले, तर परिस्थिती सुधारत नाही, उलट बिघडू शकते. वर्गीकरण मार्गिका तुंबलेल्या असताना आगमन मार्गिका वाढवण्यासारखेच हे आहे.

हे तीन टप्पे पार पडल्यावरच चौथा टप्पा, म्हणजे क्षमतेत भर घालण्याचा, विचार करावा. येथे क्लाऊड सेवेने नवा पर्याय दिला आहे. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. सामायिक यंत्रणेतून गरजेपुरती क्षमता घेता येत असल्याने स्थिर खर्चाचे रूपांतर बदलत्या खर्चात होते. वर्षातून तीन दिवसच गर्दी असणाऱ्या परीक्षा मंडळाला हे लाभदायक आहे. वर्षभर सारखाच भार असणाऱ्या संस्थेला स्वतःची यंत्रणा स्वस्त पडू शकते. निर्णय मागणीच्या आलेखावर अवलंबून आहे, प्रचलित लाटेवर नाही.

नियामक चौकट

क्षमता हा आता केवळ तांत्रिक विभागाचा विषय राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान प्रशासनाविषयी दिलेले सर्वंकष निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांत क्षमता व्यवस्थापनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. बँकांसह संबंधित वित्तसंस्थांनी वर्षातून किमान एकदा क्षमतेच्या गरजेचे मूल्यमापन करावे, त्यासाठी मागील कमाल वापर, सध्याची गरज आणि भावी अंदाज विचारात घ्यावेत आणि संचालक मंडळ स्तरावरील माहिती तंत्रज्ञान धोरण समितीने त्याचा आढावा घ्यावा, असा त्यांचा आशय आहे. बँकांसाठी जी शिस्त बंधनकारक झाली, ती नागरिकांना सेवा देणाऱ्या शासकीय संस्थांनीही स्वीकारणे इष्ट ठरेल. प्रत्येक सेवेचा गर्दीच्या तासातील प्रतिसादकाल जाहीर करण्याची प्रथा पडली, तर प्रतीक्षेचा अदृश्य खर्च प्रथमच हिशेबात येईल.

समारोप

चरोद्याच्या यार्डात गाड्यांचा खोळंबा झाला, तर उभ्या असलेल्या वाघिणी डोळ्यांना दिसतात आणि नियंत्रण कक्षात विचारणा होते. संगणकीय प्रणालीतील रांग तशी दिसत नाही. शिधादुकानात अंगठा टेकवून तासभर थांबलेली मजूर स्त्री किंवा अर्जाच्या शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसलेला विद्यार्थी ही त्या रांगेची माणसे आहेत. ही न दिसणारी रांग मोजणे, ती कोणाची आहे हे ओळखणे आणि खरेदीपूर्वी कामाची घडी बसवणे हे क्षमता व्यवस्थापनाचे सार आहे. डिजिटल प्रशासनाचे यश किती सेवा ऑनलाइन झाल्या यावर जितके अवलंबून आहे, तितकेच गर्दीच्या तासाला त्या सेवा सर्वसामान्य नागरिकाला मिळतात की नाही, यावरही अवलंबून आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘क्षमतेचे नियोजन सरासरीवर नव्हे, तर कमाल मागणीवर करावे लागते.’ सोदाहरण स्पष्ट करा.

२. रेल्वे आरक्षण आणि यूपीआय यांच्या आधारे मागणी नियंत्रणाच्या उपायांची चर्चा करा. या उपायांचा लहान वापरकर्त्यांवर कोणता परिणाम संभवतो?

३. सार्वजनिक संस्थांमध्ये प्रतीक्षेचा खर्च दुर्लक्षित का राहतो? तो हिशेबात आणण्यासाठी उपाय सुचवा.